पत्त्यावर आढळला नाही

बँकेचा फोन आला तेव्हा इंद्रजीत हिवराळे बिडकीनच्या एका नव्या कारखान्यात, जमिनीपासून अठरा फुटांवर, माणसांकडून केबल ओढून घेत होता. वर चढलेल्या माणसाने फोन घ्यायचा नाही असा तिथला नियम होता आणि इंद्रजीत नियम पाळत असे. सव्वाबाराला खाली उतरून त्याने फोन लावला. कर्ज विभागातल्या प्रेरणा वाघचौरे यांनी थोडक्यात सांगितलं. घरासाठी केलेला वीस लाखांच्या कर्जाचा अर्ज नामंजुरीच्या यादीत गेला होता. कारण, व्यवसायाच्या पत्त्यावर अर्जदार आढळला नाही.

"मॅडम, मी साईटवर होतो."

"तुम्ही नसलात तरी चालतं. पण शेजाऱ्याने सांगितलं, या नावाचा माणूस इथं नाही, कधी पाहिलाही नाही. पत्त्यावर बोर्डही नाही. आमचा तपासणीस मंगळवारी येऊन गेला, त्याने तसं लिहून दिलंय."

"कोणता शेजारी?"

"वेल्डिंगवाला, एवढंच लिहिलंय."

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत वेल्डिंगवाला एकच होता.

इंद्रजीत एकेचाळीस वर्षांचा. कारखान्यांत केबल टाकून द्यायची ठेकेदारी करायचा. पुण्याच्या मोठ्या कंपनीला काम मिळायचं, ती त्यातला तुकडा मीटरच्या भावाने याला द्यायची. हाताखाली सहा माणसं, 'छोटा हत्ती' म्हणतात तो एक टेम्पो आणि सामान ठेवायला मुकुंदवाडीत भाड्याचं पत्र्याचं शेड. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा कर्ज मागायला गेला होता. तेव्हा दुसऱ्या एका बँकेतल्या साहेबांनी त्याची फाईल दोन बोटांनी परत सरकवली होती. तुमचं उत्पन्न कागदावर दिसत नाही, म्हणाले होते.

त्या दिवसापासून त्याने उत्पन्न कागदावर दाखवायला घेतलं. प्रत्येक कामाचं बिल. रोखीचं काम नाही, अगदी ओळखीतलं असलं तरी नाही. जीएसटी वेळेत, आयकराचं विवरणपत्र वेळेत. करसल्लागार म्हणायचा, "एवढं कशाला दाखवता? निम्मं दाखवा, कर वाचंल." इंद्रजीत म्हणायचा, "दिसू द्या." बरोबरीचे ठेकेदार त्याला 'ऑडिटर' म्हणून चिडवायचे. रोखीची कामं त्यांच्याकडे जायची, त्यामुळे त्यांची चेष्टा मनापासूनची असे.

तीन वर्षांनी, यंदाच्या दिवाळीत, त्याने देवळाईत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पाहिला. किंमत सव्वीस लाख. सहा लाख जमवलेले होते, त्यातले एक्कावन्न हजार बिल्डरकडे भरून झाले. तीस नोव्हेंबरच्या आत करारनामा झाला नाही तर एक्कावन्न हजार परत आणि फ्लॅट पुढच्या गिऱ्हाइकाला, असं ठरलं होतं. पुढचं गिऱ्हाईक तयार होतं. नवराबायको दोघं सरकारी शाळेत शिक्षक, त्यांचं कर्ज आधीच मंजूर झालेलं.

बायको सुलेखा खासगी बालवाडीत शिकवायची. फ्लॅट बघायला जाताना तिने टेप नेली होती आणि स्वयंपाकघराचा ओटा मोजून वहीत लिहून आणला होता. चौदा वर्षांत त्यांनी पाच भाड्याची घरं बदलली होती. सहावं मिळालं असतं, पण दोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली कालच गेल्याचं समजलं. सुलेखा याबद्दल फार बोलत नसे. ओट्याचं माप मात्र तिला तोंडपाठ होतं.

फोन आला तो चौदा तारखेचा शुक्रवार. हाती सोळा दिवस होते.

संध्याकाळी इंद्रजीत थेट जब्बारच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. जब्बार पन्नाशीचा, शेडला लागूनच त्याचं वेल्डिंगचं दुकान, नऊ वर्षांचा शेजार.

"जब्बारभाई, मंगळवारी मला विचारत कुणी आलं होतं का?"

जब्बारने तोंडावरची काळी काच वर केली आणि हसला. "आया था ना! हेल्मेटवाला, फाईल लेके. पूछा, हिवराळे किधर बैठते? मैं बोला, कौन हिवराळे? इधर हिवराळे-फिवराळे कोई नै. लई चिवट होता. मोबाईलवर तुमचा फोटो बी दाखवला. मैं बोला, ये तो पिक्चर का हीरो दिखरा, इधर कायकू आएगा?"

"तो बँकेचा होता."

"मालूम है ना. म्हणून तर भगाया."

"जब्बारभाई, तो घराच्या कर्जासाठी आला होता. वसुलीला नाय. कर्ज द्यायच्या आधी चौकशी करतात, ती करायला."

जब्बारने काच डोक्यावरून काढून स्टुलावर ठेवली. मग त्याने खरोखर न समजून विचारलं, "ये लोग देने कू भी आते क्या?"

त्याचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. त्या गल्लीत फाईल घेतलेला माणूस आजवर न्यायलाच आला होता. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी छोट्या हत्तीचे हप्ते थकले तेव्हा फायनान्स कंपनीची तीन माणसं गाडी ओढून न्यायला आली होती. जब्बारने त्यांना सांगितलं की हिवराळे गाडीसकट फर्दापूरला सासरी गेला. गाडी त्या वेळी जब्बारच्याच दुकानात, ताडपत्रीखाली होती. पुढच्या चार महिन्यांत इंद्रजीतने सगळे हप्ते दंडासह भरले आणि गाडी राहिली. तेव्हापासून गल्लीची रीतच झाली. फाईलवाला आला की ज्याला विचारतोय तो माणूस इथला नाही.

घरी सुलेखाने सगळं ऐकून घेतलं.

"तीन वर्षं कागद न् कागद तयार केला तुम्ही," ती म्हणाली. "आणि गल्लीत चार माणसांना सांगायचं राहिलं?"

"कर्ज होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. झालं नसतं तर लोक हसले असते."

"आता हसू द्या की."

सोमवारी इंद्रजीत बँकेत निघाला तेव्हा जब्बार गल्लीच्या तोंडाशी उभा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात ईदचे बूट.

"तुम्ही कुठं?"

"बयान देने कू. गलती मेरी, बोलूंगा मैं."

जालना रोडवरच्या त्या शाखेत प्रेरणा वाघचौरे काचेच्या लहान खोलीत बसायच्या. वय तिशीचं, बोलणं हळू. जब्बारचं म्हणणं त्यांनी मधे न बोलता ऐकलं आणि मग विचारलं, "मंगळवारी तुम्ही आमच्या माणसाला खोटं सांगितलं. आज मला खरं सांगताय. मी कोणतं धरायचं?"

जब्बारने इंद्रजीतकडे पाहिलं. इंद्रजीतने टेबलाकडे.

"मॅडम, उस दिन भी इसके भले का बोला, आज भी. त्यावरून तर तुम्हाला काय कळणार नाय," जब्बार म्हणाला. "पण मंगळवारी का बोललो ते सांगतो. बसली ना गोष्ट, तर धरा."

आणि त्याने थकलेले हप्ते, तीन माणसं, ताडपत्री, फर्दापूर, सगळं सांगून टाकलं. इंद्रजीतने दोनदा पायाने त्याचा बूट दाबला. जब्बारने पाय मागे घेतला आणि बोलत राहिला. गाडीच्या हप्त्यांचा विषय बँकेत निघू नये असं इंद्रजीतला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

प्रेरणाबाईंनी संगणकावर काहीतरी उघडलं. "किती हप्ते थकले होते म्हणालात?"

"चार," इंद्रजीत म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"इथं चारच दिसतात. नंतर सगळे दंडासह भरलेले." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "हे आम्हाला पहिल्या दिवसापासून दिसतंय, हिवराळे. तुम्ही अर्जात लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. असो. यांची गोष्ट बसते."

जब्बारने इंद्रजीतच्या मांडीवर थाप मारली.

"पुन्हा तपासणी लावते," त्या म्हणाल्या. "मी स्वतः येईन. कधी ते सांगणार नाही, सांगायचं नसतं. आणि बोर्ड लागेल. जीएसटीचा नोंदलेला पत्ता आहे, तिथं नाव आणि नंबर बाहेर दिसलाच पाहिजे. बोर्डासकट फोटो अहवालाला जोडावा लागतो. तुम्ही आजपर्यंत लावला कसा नाही?"

इंद्रजीत म्हणाला, "लावतो." का लावला नव्हता ते त्याने सांगितलं नाही.

बोर्ड कडूबाईमुळे नव्हता. शेड आणि त्यामागचं दोन खोल्यांचं घर तिचं. सत्तरीची, एकटी राहणारी, दिवसभर ओट्यावर बसून असे. शेड भाड्याने देतानाच तिने अट घातली होती. आत काय करायचं ते कर, बाहेर नाव टाकायचं नाय. बोर्ड दिसला की महापालिकेचा माणूस येतो, राहत्या घराची घरपट्टी दुकानाच्या दराने लावतो, हे तिने मागच्या गल्लीत पाहिलं होतं.

"मावशी, जितकी वाढंल तितकी मी भरीन," इंद्रजीत त्या संध्याकाळी तिच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला.

"आज भरशील."

"पुढं बी भरीन."

"पुढं तू फ्लॅटात. तिसऱ्या माळ्यावरून मुकुंदवाडी दिसती का रे?"

"धंदा इथंच राहणार हाय, मावशी. शेड सोडत नाय मी."

"तुझं पोरगं सोडंल, माझं पोरगं भांडंल. एकदा नोंद झाली की ती मेल्यावर बी ऱ्हाती." तिने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बोर्ड सोडून काय बी माग."

"बोर्डच मागतेत ना बँकवाले."

"मग ते बँकवाले चमत्कारिक हायेत."

सुलेखाही जाऊन आली. कडूबाईने तिला बसवून घेतलं, शेवेचा लाडू खायला दिला, ओट्याचं माप किती ते कौतुकाने विचारलं आणि बोर्डाचं नाव काढताच तिच्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं.

जब्बारने मात्र कुणाला न विचारता दुसऱ्याच दिवशी बोर्ड करून ठेवला. लोखंडी चौकट, वर पांढरा पत्रा, निळी अक्षरं. हिवराळे इलेक्ट्रिकल्स, खाली जीएसटीचा नंबर. नंबर त्याने इंद्रजीतच्या जुन्या बिलावरून तीनदा ताडून घेतला. बोर्ड दुकानात भिंतीला तोंड करून उभा राहिला, कारण अक्षरं कडूबाईला दिसली असती तर नवीनच कटकट झाली असती.

प्रेरणाबाई आल्या त्या एकवीस तारखेला, शुक्रवारी दुपारी दीडला. इंद्रजीत बिडकीनला अठरा फुटांवर. सुलेखा बालवाडीत. जब्बार जुम्म्याच्या नमाजला गेलेला, दुकान कुलूपबंद. गल्लीत ओट्यावर कडूबाई तेवढी होती.

"आजी, हिवराळे इलेक्ट्रिकल्स कुठं आलं?"

कडूबाईने आधी फाईलकडे पाहिलं, मग बाईकडे. "तू महापालिकेची का बँकेची?"

"बँकेची."

"कशावरून?"

प्रेरणाबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.

"मला वाचता येत नाय. फोटू तुझाच हाय, तेवढं दिसतंय." ती ओळखपत्र उलटंपालटं करून बघत राहिली. "महापालिकेला सांगत नाय ना तू, इथं काय बघितलं ते?"

"आमचा आणि त्यांचा काही संबंध नाही."

कडूबाई गुडघ्यांवर हात देत उठली. कनवटीची किल्ली काढून शेडचं कुलूप तिने स्वतः उघडलं. आत केबलची चार मोठी रिळं, भिंतीला हेल्मेटांची रांग, कोपऱ्यात लोखंडी टेबल, त्यावर बिलबुकं.

"इथंच करतोय नऊ वर्षांपास्नं. पाच तारखेला भाडं देतो. एकदा कोरोनात तीन महिने चुकला, मंग फेडलं. दारू नाय. माणसांना शिव्या देत नाय, निदान इथं तरी नाय. अजून काय पाहिजे?"

"बोर्ड का नाही?"

"मी लावू देत नाय," कडूबाई म्हणाली. "घरपट्टी वाढती."

प्रेरणाबाईंनी ते लिहून घेतलं. "आजी, बोर्डाशिवाय फोटो चालत नाही. फोटोशिवाय अहवाल होत नाही. मी परत येऊ शकणार नाही, पुढचा आठवडा माझा भरलेला आहे."

नमाजहून येणारा जब्बार तेवढ्यात गल्लीत वळला. शेडचं दार उघडं आणि पुढे बँकेची बाई बघून तो धावतच आला. काय अडलंय ते कळताच त्याने दुकान उघडलं आणि बोर्ड उचलून आणला.

कडूबाईने बोर्ड पाहिला. "हा कवा केला?"

"मंगळवारी, आजी."

"चोरा." तिने वाट सुचवली, "फोटूपुरता धर हातात. काढ म्हणावं फोटू, मंग ठेव आत."

जब्बार बोर्ड छातीशी धरून शेडपुढे उभा राहिला.

"धरलेला चालणार नाही," प्रेरणाबाई म्हणाल्या. "लावलेला हवा."

"किती खडूस हाय गं तू," कडूबाई म्हणाली.

"हो," प्रेरणाबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं.

जब्बारने बोर्ड खाली टेकवला. "आजी, सच बोलूँ? माझ्या तोंडानं त्याचं घर गेलं होतं. आता तुमच्या बोर्डानं जाईल. दोघांनी मिळून घालवलं म्हणतील लोक."

"लोकांचं सोड. घरपट्टी वरसाला किती वाढंल ते सांग."

"मागच्या गल्लीत पाच-साडेपाच हजार वाढली होती."

कडूबाई ओट्यावर जाऊन बसली. बोटांची पेरं मोजली. एकदा चुकली, पुन्हा मोजली. मग म्हणाली, "महिन्याला पाचशे भाडं वाढलं म्हणून सांग त्याला. येत्या महिन्यापास्नं. लाव."

जब्बारने ड्रिल आणलं. शेडच्या चौकटीला चार भोकं, चार बोल्ट. पंचवीस मिनिटं लागली. तोवर कडूबाईने प्रेरणाबाईंना चहा करून दिला आणि लग्न झालंय का ते विचारलं. फोटो निघाला. बोर्डाखाली जब्बार उभा राहू पाहत होता, त्याला बाजूला व्हायला सांगण्यात आलं.

पंचवीस तारखेला मंजुरीचं पत्र आलं. एकोणीस लाख पंचेचाळीस हजार.

इंद्रजीतने फोन लावला. "मॅडम, वीस मागितले होते."

"माहीत आहे. शेडचं भाडं पाचशेने वाढलंय ना? मी तिथंच होते तेव्हा. तुमच्या हातात महिन्याला पाचशे कमी उरणार, म्हणजे हप्ता तेवढ्याने कमी झेपणार. वीस वर्षांच्या मुदतीत त्याचे पंचावन्न हजार होतात."

"ते तुम्ही अहवालात लिहिलं?"

"माझ्यासमोर झालं, हिवराळे. लिहायला नको?"

इंद्रजीतला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्यांच्या जागी त्यानेही तेच केलं असतं. फोन ठेवून तो कामाला लागला.

एकोणतीस-तीसला शनिवार-रविवार, म्हणजे पंचावन्न हजार तीन दिवसांत हवे होते. सुलेखाने कपाटातून गंठण काढून टेबलावर ठेवलं. इंद्रजीतने ते परत कपाटात ठेवलं आणि देवळाईला बिल्डरच्या ऑफिसात गेला. तिथला सगळा व्यवहार साहेबराव शेळके बघायचे. साठीचे, टेबलावर कायम भाजक्या शेंगांचं ताट.

"कमी पडतात? मग सोडा की हो. ते मास्तर रोज फोन करतेत मला."

"बी विंगच्या मीटर रूमचं काम कुणाला दिलंय?"

साहेबरावांनी शेंग फोडायची थांबवली. "अजून कुणाला नाय."

"मी करतो. सामान तुमचं, मजुरी माझी. जीएसटी धरून पंचावन्न हजार. बाहेर विचारून बघा, सत्तरच्या आत कुणी करणार नाय."

साहेबरावांनी मालकांना फोन लावला, दोन मिनिटं हं हं केलं आणि फोन ठेवला. "झालं. पंचावन्न हजार तुमच्या फ्लॅटात वळते करून घेऊ. बिलाची भानगड नको."

"बिल देतो मी. आजच्या तारखेचं, आगाऊ रकमेचं. तुम्ही पैसे माझ्या खात्यावर टाका, मी खात्यावरून फ्लॅटचे भरतो."

"अहो, या खिशातून त्या खिशात! मधी तुमच्या खात्यात कशाला फिरवायचे? वर तुम्हाला त्यावर कर."

"माझा हिस्सा माझ्या खात्यातून गेलेला दिसला पाहिजे. मॅडम मोजतात."

"तुम्ही ठेकेदार आहात का कोण आहात?"

"बिल कुणाच्या नावानं करू?" इंद्रजीतने बिलबुक उघडलं.

साहेबराव हसले, पण नाव सांगितलं. इंद्रजीतने लिहून बिल फाडून दिलं. सव्वीसला दुपारी पैसे त्याच्या खात्यात आले आणि चार वाजता निघून गेले. अठ्ठावीसला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात करारनामा झाला. कॅमेऱ्यापुढे बसताना सुलेखाने पदर सारखा केला. अंगठ्याचा ठसा यंत्राने दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा घेतला. बाहेर आल्यावर तिने विचारलं की आता ओटा चार इंच वाढवून घेता येईल का. इंद्रजीत म्हणाला, साहेबरावांना लेखी देऊ.

सोमवारी सकाळी सात वाजता तो दोन माणसं घेऊन बी विंगच्या मीटर रूममध्ये मापं घेत होता.